कारणाचा रकाना

"आज फोडणी किती वाजता?"

सकाळी साडेआठच्या सुमाराला दारावर बोटानं दोनदा टकटक व्हायची आणि हा प्रश्न यायचा. बेल ते वाजवत नसत. बेलनं माणूस दचकतं, असं त्यांचं म्हणणं. दारात अर्ध्या बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, खिशात टोक काढलेल्या रंगीत पेन्सिली आणि हातात पुठ्ठ्याला चिमट्यानं अडकवलेला मोठा कागद. वेळ सांगितली की ते मिनिटासकट टिपून घ्यायचे, "मेहरबानी" म्हणायचे आणि पुढच्या दाराशी जायचे. शेजारच्या लक्ष्मी आंटींना हाच प्रश्न तेलुगूत, "पोपु एन्नि गंटलकु?" तिसऱ्या मजल्यावर दखनीत, "बघार कित्ते बजे है, आपा?" विद्यानगरातल्या आमच्या त्या इमारतीत बिऱ्हाडं आठ होती आणि भाषा तीन, पण लाल मिरची सगळ्यांकडे सारखीच जळत होती.

मी तेव्हा पुण्याहून नुकती आले होते. नवऱ्याची नोकरी इथली, माझं काम घरून, लॅपटॉपवर. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "भूक लागेल तेव्हा." पुण्याच्या माणसाला असं काही विचारलं की तो सरळ उत्तर देत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ते जराही रागावले नाहीत. "हौ, पण भूक साधारण किती वाजता लागती?" त्यांनी पेन्सिल रोखून विचारलं. मी अकरा म्हणून टाकलं आणि त्या दिवसापासून अकराला बांधली गेले.

इमारतीत सगळे त्यांना कंट्रोलरसाहेब म्हणत. मला वाटलं, थट्टेनं म्हणत असतील. पण ती त्यांची नोकरीच होती. रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात त्यांनी सगळी उमर काढली होती. कानाला हेडफोन, पुढ्यात भला मोठा छापील तक्ता. आडवी वेळ, उभी स्टेशनं, आणि प्रत्येक गाडीची एक तिरकी रेघ. गाडी कुठं तीन मिनिटं जास्त थांबली तर शेवटच्या रकान्यात कारण लिहायचं. सिग्नल, म्हैस, इंजिन, काहीही चालेल, पण कारण पाहिजे. "गाडी आपल्या मर्जीनं थांबत नसती, बाई," ते मला सांगायचे. "कुणीतरी थांबवलेली असती. ते शोधायचं, बाजूला करायचं, गाडी चालती." मूळचे नांदेडकडचे, पण तीन पिढ्या हैदराबादेत गेलेल्या. बोलणं सावकाश आणि अदबीचं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी तसलाच तक्ता घरी आखला. फक्त स्टेशनांच्या जागी आमचे आठ फ्लॅट होते आणि सर्वांत खाली, लाल पेन्सिलनं, काकूंचा खोकला.

काकू म्हणजे त्यांची बायको. त्यांना फुफ्फुसाचा आजार होता. फुफ्फुसं आतून घट्ट होत जातात, वाळलेल्या दोडक्यासारखी, आणि हवा आत घेईनाशी होतात. दम लागतो आणि कोरडा खोकला येतो. एकदा लागला की पंधरा-वीस मिनिटं थांबत नाही. नाकाला सदानकदा ऑक्सिजनची नळी आणि हॉलच्या कोपऱ्यात त्याचं यंत्र घुंघुं करत असायचं. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की या आजाराचं कारण सापडत नाही, नावातच तसं लिहिलेलं आहे. औषधानं वेग कमी होईल, आजार माघारी फिरणार नाही. बाकीचं काकांनी ऐकलं की नाही कोण जाणे, पण कारण सापडत नाही हे त्यांना मुळीच पटलं नाही. "आमच्याकडं रकान्यात असं लिहिलं असतं तर चार्जशीट हातात आली असती," ते डॉक्टरांना म्हणाले. डॉक्टर हसले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. हा प्रसंग काकांनी मला चारदा तरी सांगितला, आणि दर वेळी डॉक्टरांच्या हसण्याचा त्यांना नव्यानं राग यायचा.

तर कारण शोधायचं काम त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतलं. निळी पेन्सिल फोडणीला, हिरवी उदबत्तीला आणि धुपाला, काळी फिनेल, रंगकाम, धूळ असल्या किरकोळ गोष्टींना. लाल रेघेच्या आधी कोणती रेघ येते ते बघायचं आणि तिचा बंदोबस्त करायचा. लोकांनीही ऐकलं त्यांचं, हे मला अजून नवल वाटतं. आपा शुक्रवारचा लोबान गच्चीवर नेऊन जाळू लागल्या. लक्ष्मी आंटी आंब्याच्या लोणच्याची मिरची कुटायला अंबरपेठला बहिणीकडे जाऊ लागल्या. चौथ्या मजल्यावरचा एकजण ऑफिसला जाताना जिन्यात सेंट मारायचा. त्याला फाटकाबाहेर जाऊन मारायची विनंती झाली आणि तो बिचारा रोज रस्त्यावर उभा राहून काखेत सेंट मारू लागला.

एकदा काका आमच्या दारात उभे असताना वरच्या मजल्यावरून, त्यांच्या घरातून, खोकला ऐकू आला. त्यांनी पुठ्ठा माझ्या हातात कोंबला आणि सत्तरी ओलांडलेला तो माणूस दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेला. मीही मागोमाग गेले. काकू जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या, पुढे उशी, उशीवर कोपरं, मान खाली. अंगातलं सगळं बळ त्या खोकल्यात जात होतं. काका शेजारी बसले. पाठीवर थापटलं नाही, नुसता तळवा ठेवला. "हल्लू. हल्लू. नाकानं आत घे. आता ओठ मिटून फुंक, चहा फुंकतीस तसं." ते स्वतःही फुंकत होते. खोकल्यात जरा फट सापडली की चमच्यानं कोमट पाणी, मग परत तळवा. जिभेखाली ज्येष्ठमधाची काडी. हे सगळं इतकं न बोलता चाललं होतं की मला तिथं उभं राहायची लाज वाटली. खोकला थांबला तेव्हा दोघंही सारखेच दमलेले होते. काकांनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्या हातातून पुठ्ठा घेतला, लाल रेघ ओढली आणि मला म्हणाले, "तुमची फोडणी अकराची ना? मग आता तर नऊच वाजलेत." त्यांच्या आवाजात आरोप नव्हता, नुसती परेशानी होती.

त्या दिवसापासून मी दुपारी चारला काकूंकडे जाऊ लागले. माझी मीटिंग तेव्हा संपायची. त्यांना बोलायला दम पुरत नसे, म्हणून बोलायचं मी आणि ऐकायचं त्यांनी. इमारतीतल्या सगळ्या बातम्या त्यांना पाहिजे असत. कुणाकडे कोण आलं, कुणाचं कुणाशी बिनसलं. मी माझ्या साहेबाची नक्कल करून दाखवायची. काकू तोंडाला पदर लावून हसायच्या आणि हसता हसता खोकू लागायच्या. काका स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचे.

थोड्याच दिवसांत तक्त्यावर मला जांभळी रेघ दिसली. चार वाजून दहा मिनिटं. पुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'पुणेकर. हसू.'

दुसऱ्या दिवशी सकाळी फोडणीची वेळ टिपून झाल्यावर ते जागचे हलले नाहीत. "बाई, एक विनंती होती. तिला हसवू नका."

"मग काय रडवू?" मी म्हटलं. माझा स्वभाव असा आहे.

"तेबी नको," ते म्हणाले. "रडल्यावरबी येतो."

मला राग आला. पण खरा राग काकूंसाठी होता. आदल्याच आठवड्यात त्यांनी मला थांबत थांबत सांगितलं होतं, "हे... लई किस्से सांगायचे. कंट्रोलातले. हसून हसून... मेली असती मी. आता दोन वर्षं... एक नाही सांगितला. मला खोकला चालंल, बाई. हे असं... गप्प घर नको." हे त्या नवऱ्याला का सांगत नव्हत्या, असं तुम्ही विचाराल. सांगितलंही असेल. पण ज्या माणसानं आपल्या श्वासासाठी अख्खी इमारत दावणीला बांधली, त्याला नको कसं म्हणायचं? त्यांच्याकडे दिवस फार नव्हते, हे काकूंना कळलं होतं आणि मलाही. काकांना ते दिवस वाढवायचे होते. काकूंना ते बोलत, हसत घालवायचे होते. आणि मी चारला जायचं बंद केलं, कारण मला फणकारा दाखवायचा होता.

त्याच महिन्यात मी आणखी एक गोष्ट केली. ती सांगायला मला आजही जड जातं. एका रविवारी पुण्याहून माझे आते-मामेभाऊ आले. त्यांना ठेचा पाहिजे होता, तव्यावर भाजलेल्या मिरच्यांचा. दुपारचा एक वाजला होता. ही वेळ तक्त्यावर नव्हती. मी खिडकी लावून घेतली आणि मिरच्या टाकल्या. आमचं आणि वरचं स्वयंपाकघर एकाच डक्टवर. दोन मिनिटांत वरून खोकला सुरू झाला. मी गॅस बंद केला आणि उलथनं हातात धरून उभी राहिले. तो थांबेचना. हॉलमध्ये पाहुण्यांनी बोलणं थांबवलं. एवढा वेळ एखादं माणूस खोकू शकतं यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता.

खोकला शमल्यावर दारावर टकटक झाली. काकांचे डोळे लाल होते. "बाई, तुमच्याकडं काही...?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं, ताटं मांडलेली होती. "मग आंटींकडं असंल," ते म्हणाले आणि निळी रेघ लक्ष्मी आंटींच्या नावापुढे ओढून वर गेले. मी ठेचा टाकून दिला. पण खोटं बोलले ते बोललेच.

जानेवारीत संक्रांत आली. हैदराबादेत राहिलेल्याला संक्रांतीचं काय ते वेगळं सांगायला नको. निम्मं शहर आपापल्या गावाला निघून जातं, रस्ते रिकामे होतात, दुकानांना कुलपं लागतात. आमच्या इमारतीतून लक्ष्मी आंटी गेल्या, चौथा मजला गेला, आपा मुलीकडे गेल्या. उरलो आम्ही दोघं आणि वर ते दोघं. काका चार दिवस आधी दारात आले तेव्हा त्यांचा चेहरा कधी नव्हे इतका खुलला होता. "सगळे जायलेत! आठातले सहा बंद!" मग जरा खाली पाहून म्हणाले, "बाई, तीन दिवस तुमच्याकडं फोडणी नसली तर चालंल का? फक्त तीन दिवस." त्या रविवारचं ओझं माझ्या मनावर होतंच. मी लगेच हो म्हटलं.

त्यांनी तयारी अशी केली की जणू राष्ट्रपतींची गाडी जायची आहे. इथं भोगीला पहाटे पेटवतात ती शेकोटी कॉलनीतल्या लोकांना विनवून मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला हलवली. खिडक्यांच्या फटींत ओली फडकी खोचली. पडदे धुतले, गादी उन्हात टाकली, देवापुढची वातसुद्धा विझवली. नवा कोरा तक्ता आखला. आम्ही तीन दिवस दहीभात, पाव आणि उकडलेले बटाटे खाल्ले. नवरा कुरकुरला, पण त्यालाही आतून वाटत होतं की बघू या काय होतं. खरं सांगते, मलाही आशा होती. खोकला थांबला असता तर दोष माझा ठरला असता, आणि तरीही मला तो थांबायला हवा होता.

पहिल्या सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी खोकला ऐकू आला. मग नऊला. मग साडेअकराला. मी मनाशी म्हटलं, जुनी धूळ असेल. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी दुपारी मला खाली बसवेना. मी न बोलावता वर गेले.

दार उघडंच होतं. काका टेबलाशी बसले होते. त्यांनी तक्ता माझ्याकडे फिरवला. वरचा सगळा भाग पांढरा होता. एक निळी नाही, हिरवी नाही, काळी नाही. खाली लाल रेघा रोजच्यासारख्याच होत्या. पेन्सिल त्यांच्या हातात होती आणि टोक शेवटच्या रकान्यावर टेकलेलं होतं.

"बघा," ते म्हणाले. "लाइन सगळी मोकळी."

जे मनात साचलं होतं तेच माझ्या तोंडून बाहेर पडलं. "काका, त्या रविवारी मिरच्या मीच भाजल्या होत्या."

"माहीत आहे," ते म्हणाले. "आंटींकडं ठेचा कोण करतंय?"

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"तुमच्याकडं पाहुणे होते."

ते परत तक्त्याकडे वळले. "मला वाटायचं, कुणाचं तरी चुकायलंय. कुणाचं चुकत असतं तर किती बरं झालं असतं, बाई."

एवढ्यात आतून काकूंनी हाक मारली. "अहो... या की इकडं. बसा." ते उठले. रकाना तसाच कोरा ठेवला आणि आत गेले. मी घरी आले आणि दार लावून रडले. त्या खोकल्याला आता कुणीच जबाबदार नव्हतं आणि त्यामुळे करण्यासारखंही काही राहिलं नव्हतं.

संक्रांत संपली, माणसं परतली, पण काका कुणाच्या दारात आले नाहीत. लक्ष्मी आंटींनी मला विचारलं, "साहेबांना राग आला का?" मी नाही म्हटलं. पुढे किती तरी दिवस इमारतीतली माणसं आपापल्या ठरलेल्या वेळेलाच फोडण्या घालत होती.

मी पुन्हा चारला जाऊ लागले. आता किस्से काका सांगायचे. एका स्टेशनमास्तरची कोंबडी रुळावर अंडी घालायची, त्यापायी मालगाडी कशी खोळंबली आणि रकान्यात काय लिहायचं यावर किती खल झाला, असला काहीतरी प्रकार होता. ते उभे राहून, हात हलवून सांगत होते. कोंबडी पळते तशी त्यांनी मान पुढेमागे केली आणि काकू हसल्या. लगेच खोकल्या. वीस मिनिटं खोकल्या. काकांनी त्यांचं कपाळ धरलं, पाठीवर तळवा ठेवला, हल्लू हल्लू केलं. शेवटी थांबलं तेव्हा काकूंनी डोळे पुसले, दोन श्वास घेतले आणि म्हणाल्या, "पुढं?"

हे सगळं सुखाचं होतं असं मी म्हणणार नाही. आजार आपल्या चालीनं चाललाच होता. खोकून खोकून त्यांची एक बरगडी चिरली. मग टेबलापर्यंत जाणं बंद झालं, मग न्हाणीघरापर्यंत. यंत्राचा आकडा वाढवत वाढवत शेवटाला आला आणि दुसरं मोठं यंत्र आणावं लागलं. दोन घास गिळले की धाप. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायच्या. काका त्यांना भरवायचे, पुसायचे, कुशीवर वळवायचे, आणि किस्से सांगायचे. फेब्रुवारीच्या शेवटी डॉक्टर घरी येऊन गेले. आता दवाखान्यात नेऊ नका, म्हणाले, उगाच हाल होतील. एक औषध लिहून दिलं. त्यानं धाप आणि खोकला निवेल, झोप वाढेल. काकांनी त्यांना कारण विचारलं नाही. नुसतं औषध किती वेळानं द्यायचं ते विचारलं.

आता वरचा फ्लॅट भाड्यानं गेलाय. काका मुलीकडे असतात, बंगळुरूला. सणावाराला मी फोन करते. "हौ, ठीक," एवढंच म्हणतात आणि फोन मुलीकडे देतात. तक्ते त्यांनी रद्दीत घातले की बरोबर नेले, मला ठाऊक नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

शेवटची सकाळ मात्र मी पाहिली. दहाच्या सुमाराला चहा घेऊन वर गेले होते. काकू उताण्या, उशांवर उंच केलेल्या, डोळे अर्धे मिटलेले. श्वास चालू होता, पण मधे फार वेळ जायचा. आदल्या दुपारपासून त्या एकदाही खोकल्या नव्हत्या. मी त्या इमारतीत आल्यापासून असं कधी झालं नव्हतं.

काका त्यांच्या कानाशी स्टुलावर बसून किस्से सांगत होते. खणखणीत आवाजात, हातवारे करत. मी ऐकलेले आणि न ऐकलेले, एकापाठोपाठ एक. ज्या जागी हसू यायचं तिथं ते थांबायचे आणि काकूंच्या चेहऱ्याकडे बघायचे. मग दुसरा किस्सा सुरू करायचे. माझ्यादेखत चार झाले. पाचवा त्यांनी अर्ध्यात सोडला.

"बरं," ते म्हणाले. "नको हसू."

मग खाली वाकले आणि तळवा हळूच त्यांच्या पाठीखाली सरकवला.

"खोकल तरी गं. एकदा खोकल."

आणि हात तसाच ठेवून वाट बघत बसले.